भाच्याला लाथ

मी मारायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी नाक मुरडायला नको. नागपूरच्या एका सरकारी खात्याच्या टीममधून मी इतकी वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यातला मधला बचाव, खेळलो की माझ्यामागचे गोलकीपर बदलत गेले, काही रिटायर झाले, एक तर वारला, पण मधली जागा माझी ती माझीच राहिली. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून यायचे. माझा एकदाच आला, त्यातही माझी पाठ दिसत होती. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. समोरच्या फॉरवर्डने आदल्या दिवशी जेवताना माझं नाव काढावं आणि त्याचा घास तोंडातच फिरावा, एवढीच माझी इच्छा असायची. आता माझा नातू मोबाइलवर विलायती फुटबॉल बघतो. त्यातले ते गोरे पोट्टे अंगाला नुसता वारा लागला तरी मैदानभर लोळतात. मी विचारतो, "अबे, याले लागलं कुठं?" नातू म्हणतो, "आजोबा, तुम्ही असते त रोज लाल कार्ड." असेलही. माझं डोकं तापलं की कार्डाचा रंग मला दिसलाच नसता. पण ज्या मॅचमुळे मी नागपूरला पोचलो, त्या मॅचमध्ये मारणं मला मरणाहून जड गेलं होतं, आणि तेच सांगायला आज बसलो आहे.

आमचं गाव आंबागडाच्या पायथ्याशी. तलाव, तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. घरात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा. बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला लोखंडी आर ठोकलेली काठी, आढ्याला खोचलेली असायची. ती काढताना छपराच्या गवतात जी खसखस व्हायची, तो आवाज अजून ऐकू आला तरी माझी पाठ आपोआप ताठ होते. पेज खारट झाली की मायला शिव्या, वासरू सुटलं की मला तुतारी, आणि पाणी लांबलं की मग कुणाचीच खैर नाही. माय चुलीपुढे बसून लाखोळीच्या डाळीत सुके झिंगे टाकायची, घरभर वास सुटायचा, आणि त्या वासात आम्ही सगळे बाबांच्या पावलांचा अंदाज घेत बसायचो. बाप वाईट होता असं मी म्हणणार नाही. भर थंडीत रात्रभर धानाची राखण करून सकाळी स्वतः उपाशी राहून आम्हाला वाढणारा माणूस होता तो. पण हात आवरत नव्हता, हे खरं. तोच हात माझ्यात उतरला, दुसरं काय!

बाबा मारायला लागले की मध्ये पडायची ती माझी बहीण, सरूबाई. माझ्याहून बरीच मोठी. तिच्या कडेवरच मी वाढलो. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो. "पुरे ना बाबा, मरन ना तो!" असं ओरडत ती मला पोटाशी धरायची आणि माझ्या वाटचे दोनचार फटके तिच्या पाठीवर जायचे. तिचं लग्न सिहोऱ्याला झालं. वरात निघाली तेव्हा मी गाडीमागे रडत धावलो. लोकांना वाटलं, पोट्ट्याची बहिणीवर भारी माया. माया होतीच, पण उद्यापासून सगळा मार आपल्या एकट्यालाच खायचा आहे, हेही माझ्या ध्यानात आलं होतं.

बाईला एकच मुलगा झाला, वसंता. माझ्याहून काही वर्षांनी लहान. आणि इथेच माझ्या नशिबाची गंमत आहे. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. मामा वयाने केवढाही मोठा असो, त्याने भाच्याचे पाय धुवायचे, त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. भाच्याला मामाचा पाय लागला तर त्याहून मोठं पाप नाही. त्यामुळे बाई माहेरी आली की नाक गळणारा हा वसंता पाटावर उभा राहायचा आणि मी, चांगला झाडावर चढणारा पोरगा, तांब्या घेऊन त्याच्यापुढे वाकायचो. तो लेकाचा मुद्दाम अंगठा माझ्या नाकाशी आणायचा. एकदा खळ्यावर आम्ही चिंध्यांचा बॉल करून खेळत होतो. बॉल त्याच्याकडे होता. मी तो घ्यायला गेलो आणि माझी लाथ बॉल सोडून त्याच्या नडगीवर बसली. तो कोलमडला. बाबांनी ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिलं. त्या दिवशी तुतारी कुठल्या टोकाने लागते आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. माझ्या पाठीचं रक्त चड्डीपर्यंत ओघळलं, आणि तशा अवस्थेत मला वसंताच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. तो बिचारा माझ्याहून जास्त रडत होता. "आजा, नको ना मारू, मामा मुद्दाम नाई मारला गा!" बाबांनी त्याला गूळ दिला. मला त्या रात्री जेवण नव्हतं.

पुढे गावाजवळच्या मँगनीजच्या खाणीवर मी रोजंदारीवर लागलो. खाणीच्या साहेबांना फुटबॉलचं वेड होतं. कॉलनीत मैदान होतं, काळ्या भुकटीचं. पडलं की कातडी सोलून निघायची आणि त्यात काळं भरायचं. माझ्या कोपरावर ते अजून आहे. मला खेळ येत नव्हता, पण मार खाताना डोळे न मिटायची सवय होती, आणि मधल्या जागेला तेवढं पुरतं. समोरचा अंगावर येतो तेव्हा शंभरातले नव्वद जण क्षणभर डोळे मिटतात. मी मिटत नव्हतो. हळूहळू तुमसरपासून साकोलीपर्यंत लोक मला "धुरा" म्हणू लागले. बांधीतलं पाणी धुऱ्यापलीकडे जात नाही, तसा बॉल याच्यापलीकडे जात नाही, असा त्याचा अर्थ. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत धान कापलेल्या बांध्यांमध्ये सामने व्हायचे. पायाखाली धानाचे खुंट, काठावर दारू प्यालेली माणसं, आणि मॅच संपली की हमखास काठ्या निघायच्या. एका गावात आमचा गोलकीपर आणि मी पाठीला पाठ लावून कॉर्नरच्या काठ्यांनी मार परतवत बाहेर पडलो. दुसऱ्या गावात माझे समोरचे दोन दात पडले. मला मजा यायची. खोटं कशाला बोलू?

मधल्या काळात बाईचा नवरा गेला. जंगलात कटाईच्या कामावर अंगावर झाड पडलं. घरात राहिला तिचा दीर, इस्तारी. भावाच्या वाट्याची बांधी त्याला हवी होती, आणि ही विधवा बाई आणि तिचं पोर त्याला डोळ्यांसमोर नको होतं. तो तिला मारायचा. कधी चिमट्याने, कधी लाथेने. वसंता एकदा मध्ये पडला तर इस्तारीने आणि त्याच्या पोरांनी त्याला ओसरीच्या खांबाला बांधून मारलं. बाई एकदा कान फाटलेला घेऊन माहेरी आली. बाबांनी तिचा कान उजेडाकडे करून पाहिला. मला वाटलं, आता उठतील, तुतारी घेऊन सिहोऱ्याला जातील. ते म्हणाले, "देल्या घरी राहा, बाई. लोकं का म्हनतीन?" आणि दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून परत सोडून आले. मी त्या दिवशी बापाशी पहिल्यांदा भांडलो. मी इस्तारीचं डोकं फोडायला निघालो, तर बाईनेच मला शपथ घातली. "तू जेलात गेला का मले का भेटन? तो आनखीन मारन. वसंता कमवाले लागू दे. त्याले खोली भेटली का मी या घरात पाय बी ठेवनार नाई."

आणि तसा योग आला होता. वसंता तुमसरच्या राइस मिलवाल्यांच्या टीममध्ये सेंटर फॉरवर्ड खेळायचा. बारीक अंगाचा, पण बॉल पायात आला की बघत राहावं. त्या वर्षी नागपूरच्या खात्याची नवी टीम बनत होती. निवड झाली की नोकरी, आणि नोकरीबरोबर कॉलनीत एक खोली. त्यांचे साहेब तुमसरची फायनल बघायला येणार, असा सांगावा आला. फायनलमध्ये एका बाजूला मिलवाले, दुसऱ्या बाजूला आमची खाण. म्हणजे वसंताच्या पुढ्यात कोण? मी! माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. पोट्ट्याला आज चमकू द्यायचं, साहेबाने त्याला उचलून न्यायचं, आणि बाईने सिहोरा सोडायचं. खाण हरली तर हरली. शिवाय भाच्यावर पाय तर मी उचलूच शकत नव्हतो. बाबा स्वतः मॅच बघायला आले होते, लिंबाखाली आमच्या गावच्या माणसांत, काठी मांडीवर आडवी घेऊन.

पहिल्या अर्ध्यात वसंता दोनदा माझ्यावर आला आणि दोन्ही वेळा मी बाजूला झालो. तिसऱ्यांदा मी नुसता हात पसरून उभा राहिलो, जसं कुणी कोंबड्या हाकतं. तो गेला आणि गोल झाला. लोक हसले. "मामा, पाया पड ना बे!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान खिदळायला लागलं. आमचा कॅप्टन मला आईवरून शिव्या देत होता. मला काही वाटत नव्हतं. मी नागपूरच्या साहेबांच्या खुर्चीकडे पाहत होतो. ते सिगारेट ओढत शेजारच्याशी बोलत होते, आणि हसत होते.

हाफटाइमला मी पाणी पीत होतो, तर वसंता तरातरा आमच्या बाजूला आला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आनंदाने आला असेल.

"मामा, तू काहून हटून रायला?"

"काहून म्हंजे? गोल झाला ना तुझा."

"झाला नाई त काय! सायेब म्हनून रायला, मामानं भाच्याले वाट देली. त्यानं तो गोल धरलाच नाई. पुरा तमाशा करून टाकला तू माझा!"

"अबे, मंग मी का करू? बाबा बसले हाय तिथं. सगळं गाव पाहून रायलं."

"मार मले," तो म्हणाला. "बाकीच्याइले मारतं तसा मार. मी उठलो का सायेब म्हनन, पोट्ट्यात दम हाय. तू नाई मारशीन त मी आज काईच नाई. आनि माझी माय तिथंच मरन, मामा."

तो गेला. मला त्याचा राग आला, स्वतःचा आला, बाबांचा आला, त्या पाया पडायच्या रिवाजाचा आला. राग आला की माझ्या कानांत भुणभुण सुरू होते, ती सुरू झाली.

दुसरा अर्धा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. वसंता बॉल घेऊन उजवीकडून आत वळला. मी गेलो. बॉल, पाय, सगळं एकदम उडवलं. माझा बूट त्याच्या नडगीवर बसला आणि त्याचा आवाज पार काठापर्यंत गेला. मग लिंबाखालून एक म्हातारा किंचाळला, "पाप केलं गा! भाच्याले लाथ मारली!" वसंता मातीत तोंड खुपसून पडला होता. उठ, मी मनात म्हणत होतो, उठ बावा, उठ. तो उठला. लंगडत दोन पावलं चालला, मातीची थुंकी टाकली आणि माझ्याकडे बघून हसला. पुढच्या बॉलला त्याने उडी मारताना कोपर माझ्या भुवईवर असं हाणलं की डावा डोळा रक्ताने भरला. शाब्बास! मग आमचं जे जुंपलं, त्याला खेळ म्हणायचं की काय ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी त्याला पाडत होतो, तो उठत होता. त्याचा ओठ फाटला, माझा कान सुजला. एकदा दोघं एकमेकांच्या अंगावर पडलो तेव्हा तो कानात म्हणाला, "आता बरोबर हाय, मामा." माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेली सगळ्यात मोठी पदवी तीच.

मग बाबा आले. मी त्यांना येताना पाहिलं नाही, कारण वसंता तेव्हा बॉल घेऊन सरळ माझ्यावर येत होता. पाठीत काठी बसली तेव्हा कळलं. लहानपणी जशी बसायची तशीच, फक्त आता काठी जाड होती. "हरामखोर! भाच्यावर पाय उचलतं? आं? भाच्यावर?" एक पाठीत, एक दंडावर. रेफरी शिट्टी फुंकत होता, लोक धावत होते, पण वसंता थांबला नव्हता आणि मीही डोळे बॉलवरून काढले नाहीत. तिसरी काठी खांद्यावर पडली आणि आत काहीतरी मोडलं. त्याच क्षणी मी खाली घसरून वसंताच्या पायातला बॉल काढला आणि बाहेर टोलवला. मग मात्र उठता येईना. आमच्या पोरांनी बाबांना धरलं. त्यांच्या तोंडाला फेस आला होता. "तू मले मेला," ते म्हणाले, आणि काठी तिथेच टाकून गावाच्या रस्त्याला लागले. त्यानंतर ते जगले तोवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना पेज भरवली, ती त्यांनी खाल्ली, पण बोलले नाहीत. मला आजही त्याचं दुःख आहे.

मॅच आम्ही त्या एका गोलाने हरलो. माझा हात गमछ्याने गळ्यात बांधत होते, तेव्हा साहेब आले. मी उठून उभा राहिलो, म्हटलं, वसंताबद्दल विचारतील. ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू चल. फॉरवर्ड मुझे कामठी की हर गली में मिलता है. बाप की लाठी खाते हुए भी गेंद पर नजर रखनेवाला नहीं मिलता."

"मले नाई, त्याले घ्या," मी म्हणालो. "त्याच्यासाठी आलो मी."

"एकच जागा आहे, आणि ती स्टॉपरची आहे."

मी चांगल्या हाताने त्यांची कॉलर धरली. हो, धरली. "नोकरी राहू द्या तुमची! खोली तेवढी पोट्ट्याले द्या!" लोकांनी मला ओढून बाजूला केलं. साहेबांनी शर्ट झटकला. रागावले नाहीत. "खोली नोकरीला असते," ते म्हणाले. "सकाळपर्यंत रेस्ट हाउसवर आहे. यायचं तर ये." मी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. वसंता दोन हात अंतरावर उभा राहून सगळं ऐकत होता.

मिलचा ट्रक धान आणायला सिहोऱ्याकडे जाणार होता, त्यात आम्ही दोघं रिकाम्या पोत्यांवर बसलो. त्याची नडगी भोपळ्याएवढी सुजली होती. तो ती दोन्ही हातांनी दाबून बसला होता. मग म्हणाला, "मामा, तू खरंच लय मारतं," आणि गुडघ्यात डोकं घालून ढसाढसा रडला. मीही रडलो. भाच्याला मारलं ते मारलं आणि वर त्याचं ताट ओढून घेतलं, असं मला वाटत होतं. बाईला काय सांगायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बाई अंगणात उखळात धान कांडत होती. इस्तारी खाटेवर बसून बिडी ओढत होता. आम्हा दोघांची तोंडं पाहून बाईचं मुसळ हवेतच थांबलं.

"काय बे," इस्तारीने विचारलं, "झाला का सायेब?"

"मले नाई घेतलं," वसंता म्हणाला. "मामाले घेतलं."

इस्तारी मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! आता सडा इथंच मायलेक!" तो उठला, उखळाजवळचं सूप त्याने लाथेने उडवलं, तांदूळ अंगणभर पसरले, आणि नेहमीच्या सवयीने त्याने बाईच्या अंबाड्याला हात घातला. मी पुढे झेपावलो, पण माझा हात गळ्यात अडकला होता. वसंता लंगडत धावला. आम्ही दोघंही पोचलो नाही. बाईने मुसळ दोन्ही हातांनी फिरवलं आणि इस्तारीच्या मनगटावर आणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो, त्या दिवशी तर स्वतःचाच ऐकला होता. तो खाली बसला आणि बैलासारखा ओरडायला लागला. तिने दुसऱ्यांदा उचललं तसा तो ढुंगणावर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. कुंपणाशी माणसं जमली. कुणी आत आलं नाही.

बाई धापा टाकत होती, केस सुटलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. इतका मार तिने खाल्ला, पण तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "इतले वर्स," ती म्हणाली, "इतले वर्स मी पोट्ट्याच्या नवकरीची वाट पायत बसली." मग माझ्याकडे वळली. "सायेब कवा जाते?"

"सकाळी. पन बाई, मी त्याले नाई म्हनून आलो."

"नाई म्हनून आला?" तिने मुसळ माझ्यावर उगारलं, खरंच उगारलं. "अक्कल गहान ठेवली का रे! नवकरी भावाची असो का पोट्ट्याची, खोलीले कोन नाव विचारते? चाल, आत्ताच हो म्हन त्याले."

ट्रक गावाबाहेर धान भरत होता. आम्ही तिघं त्याच ट्रकमध्ये, भरलेल्या पोत्यांवर चढून, तुमसरला परत निघालो. बाईने घरातलं काहीच घेतलं नाही, फक्त ते मुसळ हातातून खाली ठेवलं नाही. रेस्ट हाउसच्या पायरीवर ती ते घेऊनच उभी राहिली, आणि साहेबांनी दार उघडून आधी मुसळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, तीन माणसं."